भोंडल्याच्या गाण्यांत मोठ्यांचं काय दडलंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या शाळेत भोंडला आहे आणि सहावी-सातवीच्या मुलींसाठी गाणी निवडायचं काम या ताईंकडे आलंय. ‘श्रीकांता कमलकांता’चं शेवटचं कडवं वाचून त्या दचकल्या. त्याच आठवड्यात ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे मुळात प्लेगचं गाणं असल्याचा निरोप त्यांच्या फोनवर आला. म्हणून त्यांनी विचारलंय, की आपल्या जुन्या गाण्यांतही असे मोठ्यांचे छुपे अर्थ असतात का, वाङ्मय म्हणून त्यांत काही आहे का, आणि मुलींना ती शिकवावीत की गाळावीत.

मी बरीच वर्षं बायकांची गाणी गोळा करते आणि बालवाडीच्या शिक्षिकांना ती म्हणायला शिकवते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी प्लेगचं उरकून घेऊ. लंडनची मोठी साथ १६६५ची आणि ‘रिंगा रिंगा’ बालगीतांच्या पुस्तकात छापलेलं मिळतं ते थेट १८८१मध्ये. मधली दोनशे वर्षं या गाण्याचा आणि प्लेगचा संबंध कोणी जोडल्याचं दिसत नाही. गुलाबाच्या कड्या म्हणजे अंगावरचे चट्टे, खिशातली फुलं म्हणजे दुर्गंधीवरचा उपाय, शिंक म्हणजे लक्षण आणि पडणं म्हणजे मरण, हा सगळा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यावर पसरला. इंग्रजी बालगीतांवर आयुष्य घालवलेल्या आयोना आणि पीटर ओपी या जोडप्याला तो पटला नव्हता. गाण्याच्या जुन्या कित्येक पाठांत शिंकच नाही. गंमत म्हणजे ज्या शिंकेवर हा सगळा प्लेग उभा आहे, ती आपल्याकडच्या बालवाड्यांत येईपर्यंत ‘हुशा बुशा’ झाली.

आता त्याच भाषेतलं दुसरं गाणं घ्या, ‘बा बा ब्लॅक शीप’. अठराव्या शतकातला त्याचा एक छापील पाठ पाहा. त्यात लोकरीच्या थैल्या मालकाला मिळतात, मालकिणीला मिळतात, पण गल्लीत रडणाऱ्या पोराला एकही नाही. आज म्हणतात त्या पाठात ते पोर रडत नाही आणि त्याला एक थैली मिळते. इथे कुठलीही सांकेतिक लिपी नव्हती. जे बोचणारं होतं ते उघड्यावर होतं आणि आज ते ऐकू येत नाही. माझ्या अनुभवात जुन्या बालगीतांमधलं मोठ्यांचं जग बहुतेक वेळा असंच असतं. ते लपवलेलं नसतं, आपण ऐकणं सोडलेलं असतं.

मराठीत तर लपवायची गरजच कमी होती. भोंडला, हादगा, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई, या गाण्यांचा फेर धरणाऱ्या कोण होत्या ते आठवा. शारदा कायदा १९२९चा. त्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. चौदा करावं लागलं, यावरूनच आधीचं चित्र कळतं. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाला संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, तर केवढा गदारोळ झाला. म्हणजे फेरातल्या कित्येकींची लग्नं झालेली होती, काहींची ठरलेली होती, आणि वयाने बऱ्याच जणी आपल्या सहावी-सातवीच्या मुलींएवढ्या किंवा त्याहून लहान. नवरात्राच्या दिवसांत एखादी माहेरी आलेली असायची, एखादी येऊ न शकलेली. बालगीत आणि सासुरवाशिणीचं गीत असे दोन कप्पे आपण आज करतो. त्या मुलींच्या आयुष्यात ते कप्पे नव्हते. खेळणारी तीच आणि नांदणारीही तीच.

तेव्हा ‘यात मोठ्यांचं काय आहे’ यापेक्षा ‘हे कोणाच्या तोंडचं आहे’ असं विचारलं की गाणी भराभर उलगडतात. आणि त्यांची घडण किती पक्की आहे तेही दिसतं.

‘अक्कण माती चिक्कण माती’ घेऊ. खड्डा खणावा, त्यात जातं रोवावं, त्यावर सपीट काढावं, सपिटाच्या करंज्या कराव्या, त्या तबकात ठेवाव्या, वर शेला झाकावा, तबक पालखीत ठेवावं, पालखी माहेरी धाडावी. प्रत्येक ओळीचा शेवट पुढच्या ओळीची सुरुवात होतो आणि प्रत्येक वस्तूला ‘सुरेख बाई’ असा मान मिळतो. साखळीची रचना पाठांतराला सोपी म्हणून मुलांच्या गाण्यांत जगभर आढळते, हे खरंच. पण इथे क्रियापदांकडे लक्ष द्या. खणावा, रोवावं, काढावं, ठेवाव्या, धाडावी. सगळं गाणं ‘असं व्हावं’ या इच्छेत चाललंय. शेवटच्या दोन ओळींत मात्र ते एकदम जमिनीवर येतं: ‘अस्सं माहेर सुरेख बाई, खेळाया मिळतं. अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारितं.’ इच्छा संपली, वस्तुस्थिती सुरू झाली, आणि गाणं तिथेच थांबलं. त्यावर भाष्य नाही, रडणं नाही. अजून एक, जे मला फार उशिरा ऐकू आलं: पालखीतून माहेरी जातात त्या करंज्या. ती स्वतः जात नाही. एवढं सगळं कष्टाने करून ती पाठवते काय, तर खाऊ. ही ओळ कोणा एकीने बसून रचली असेल की पिढ्यान्‌पिढ्या घासून अशी झाली असेल, मला फरक पडत नाही. नेमकेपणा नेमकेपणाच असतो.

‘कारल्याचा वेल लाव गं सुने’ याची युक्ती वेगळी. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू नाही म्हणत नाही. वेल लाव, मग जा. वेल लावला, आता कोंब येऊ दे. कोंब आला, फूल येऊ दे. फूल आलं, कारलं लागू दे, भाजी कर, जेवून घे, उष्टं काढ. कारलं लावल्यापासून हाताशी यायला साधारण दोन महिने जातात, म्हणजे सणावारांचा काळ सरून गेलेला असतो. आणि वेल नेमका कारल्याचाच, दोडक्याचा का नाही, हे फेरातल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. इतकं करून झाल्यावर सासू म्हणते, मला काय पुसतेस, सासऱ्याला पूस. सासरा दिराकडे, दीर नणंदेकडे. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात ना, तसा हिचा अर्ज घरभर फिरतो. शेवटी नवरा. एका पाठात तो म्हणतो, ‘आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा.’ दुसऱ्या काही ठिकाणी त्याच्या हातात काठी येते. गोड शेवट आणि कडू शेवट हे दोन्ही पाठ परंपरेतलेच आहेत. कोणीतरी नंतर बिघडवला किंवा सुधारला असं छातीठोक म्हणता येत नाही.

हीच टोलवाटोलवी आपण तीन वर्षांच्या मुलालाही ऐकवतो, फक्त पात्रं बदलून. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि तो चिमणीचं दार वाजवतो. ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ चिमणी एकदाही नाही म्हणत नाही. बाहेर पाऊस पडतोच आहे. मूल या गोष्टीत खुश असतं कारण पुढचं वाक्य त्याला आधीच ठाऊक असतं. सांगणाऱ्या आईला मात्र ‘थांब’ या नकाराची चव घरातून ठाऊक असते, आणि कधी कधी चिमणीही तीच झालेली असते, दाराशी आलेल्या कोणाला तरी टाळणारी. एकाच आकाराची गोष्ट दोन वयांच्या माणसांना दोन ठिकाणी लागते. मोठ्यांचा अर्थ म्हणतात तो एवढाच, आणि तो खूप आहे.

आता तुमच्या ‘श्रीकांता’कडे. ‘अस्सं कस्सं वेड्याचं माझ्या नशिबी आलं’ हे गाऱ्हाणं ती मांडते श्रीकांत, कमलकांत या देवाच्या नावांपुढे. ज्या काळात नवऱ्याचं नाव उच्चारायची चोरी होती, त्या काळात ही तक्रार देवाच्या आडून का होईना पण भर अंगणात, गोल फिरत, मोठ्याने केली जायची, हे विसरू नका. मग येतो एकेक पदार्थ. करंज्या केल्या, त्याने होड्या म्हणून पाण्यात सोडल्या. लाडू केले, चेंडू म्हणून खेळला. चकल्या केल्या, बांगड्या म्हणून हातात घातल्या. शेवया केल्या, गांडुळं म्हणून फेकल्या. ऐकणाऱ्याचा कान दोन कडव्यांत नियम पकडतो: वेड्याला फक्त आकार दिसतो. मुली नवीन पदार्थ घालून नवीन कडवी करतात ती याच जोरावर. आणि करंजी, चकली, शेवया हे सगळे घाम काढणारे पदार्थ आहेत. भात-पिठल्यावर हे गाणं उभं राहिलं नसतं.

शेवटचं कडवं: बायको पलंगावर झोपली होती, वेड्याने डोकावून पाहिलं, ‘मेली मेली म्हणून त्याने जाळून टाकलं.’ नियम तोच. झोपलेली आणि मेलेली, आकार सारखाच. विनोदाचं गणित जराही चुकलेलं नाही आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. आपण करंज्यांना हसलो त्याच हसण्याने इथेही हसतो, आणि अर्ध्या क्षणाने कळतं कशाला हसलो. तुमच्या-माझ्या पिढीला यात आणखी काही ऐकू येतं, कारण १९८०च्या दशकात वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांखाली किती सुना गेल्या ते आपण वाचलंय. त्या बातम्यांमुळे हे कडवं जन्मलं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण त्या बातम्यांनंतर ते वेगळं ऐकू येतं, हे मान्य करायला हरकत नाही.

मला स्वतःला ‘श्रीकांता’पेक्षा ‘यादवराया राणी रुसून बसली कैसी’ जास्त अस्वस्थ करतं, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. सासुरवाशीण रुसून बसलीय. सासू समजवायला जाते, दागिना देऊ करते, सून नको म्हणते. सासरा, दीर, नणंद, प्रत्येकाची एकेक भेट आणि प्रत्येकाला तेच ठाम उत्तर. शेवटी नवरा जातो. एका पाठात तो मंगळसूत्र देतो. दुसऱ्या पाठात ‘लाल चाबूक’ देतो. आणि ती म्हणते, लाल चाबूक हवा मला, मी येते घराला. चाल बदलत नाही, फेर थांबत नाही. ‘श्रीकांता’त जाळणारा निदान वेडा तरी आहे. इथे सगळे शहाणे आहेत. चाबकालाही दागिन्यांच्याच रांगेत बसवून ‘देतो’ म्हणायचं, या एका क्रियापदात जेवढा उपरोध आहे तेवढा मला लांबलचक कथांतही क्वचित सापडतो. उपरोध आहे की निव्वळ मान्यता आहे? गाणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर ते ठरतं. मी दोन्ही चेहरे पाहिलेत.

‘नणंदा भावजया दोघी जणी’ मात्र मुलींना लगेच कळतं. घरात तिसरं कोणी नाही, शिंक्यावरचं लोणी गेलं, म्हणजे वहिनीनेच खाल्लं. दोघीच असताना चोर दुसरीच ठरते, कारण दादा तक्रार करणारीचा आहे. लोणी नणंदेने खाल्लं का, हे गाणं सांगत नाही. शेवटी पुन्हा काठी आणि पाठी, यमकासाठी जणू घडवलेली जोडी.

इथवर वाचून तुम्ही प्रत्येक ओळीत दुःख शोधायला लागाल, तर जरा थांबा. ‘आड बाई आडोणी’मध्ये आडात कात्री पडते कारण भोंडला रात्री आहे, मासोळी असते कारण भोंडला सकाळी आहे, आणि शिंपला पडतो कारण भोंडला संपला. तिथे यमकच मालक आहे, अर्थ गडी. ‘एक लिंबू झेलू बाई’त हनुमंताची निळी घोडी कमळं तोडते, कमळामागे राणी लपते, तिथून यमुनेची बारीक वाळू, वाळूत चिल्लार बाळ, त्याला सोन्याच्या शिंपीत दूध. झोपेच्या काठावर जशी चित्रं एकातून एक निघतात तशी ही ओळ चालते. तिचा उलगडा करू गेलात तर हाताला काही लागणार नाही, आणि लागायला नकोच. ‘ऐलमा पैलमा’तली ‘अंगणा तुझी सात वर्षं, भोंडल्या तुझी सोळा वर्षं’ ही ओळ घेऊन लग्नाच्या वयापासून ज्योतिषापर्यंत काहीही सांगणारे लोक भेटतात. हस्त नक्षत्र, पाटावरचा हत्ती, त्याभोवतीचा फेर यांचं नातं पाऊस-पिकाशी आणि सुफलनाशी आहे, हे अभ्यासक सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. पण विधीला अर्थ असला म्हणजे गाण्याच्या प्रत्येक शब्दाला कुलूप असतं असं नव्हे.

तान्ह्यांच्या गाण्यांबद्दलही थोडं. ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ मधला चिरेबंदी वाडा मामाचा आहे, काकाचा नाही. बाळाच्या तोंडी ‘मामा’ असला तरी वाडा म्हणणारीच्या भावाचा आहे. सासरच्या अंगणात बाळाला कडेवर घेऊन ती चंद्राला माहेरी जेवायला बोलावते, आणि तिथेही तुपात माशी पडून तो उपाशी राहतो. ‘ये रे ये रे पावसा’त तर उघड उघड लाच आहे. पैसा खोटा निघतो, तरी पाऊस मोठा येतो. सरीकडे मडकं भरायला मागितलं, ती मडकंच घेऊन गेली. मागितलेलं मिळालं आणि हातातलंही गेलं, एवढा अनुभव चार ओळींत, पाऊस पडताना दारात नाचत. ‘अटक मटक चवळी चटक’मध्ये जिभेचा फोड फुटेना आणि घरचा पाहुणा उठेना. यजमानीण पाहुण्यासमोरच बाळाला हे म्हणून दाखवू शकते. मोठ्यांचं गाणं मुलाच्या तोंडी घालण्याचा फायदा हाच, कोणी जाब विचारू शकत नाही.

आणि ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’. म्हातारी लेकीकडे चाललीय, तूप-रोटी खाऊन जाडजूड व्हायला. वाटेत वाघ आहे, हे सगळ्यांना आठवतं. पण मुळात ही म्हातारी इतकी वाळलेली का आहे, आणि तिला पोटभर जेवायला लेकीच्याच घरी का जावं लागतं? पुष्कळ घरांत लेकीकडे जेवायचंही नसे, लेकीला मूल होईपर्यंत तर नाहीच. घरात सूनमुलगा असतील तर ते गोष्टीत का नाहीत? गोष्ट सांगणाऱ्या आज्यांनी हे कधी समजावलं नाही. त्या फक्त ‘जाडजूड होईन’ जरा लांबवून म्हणायच्या.

आता शिकवायचं काय? सहावी-सातवीला ‘श्रीकांता’ पूर्ण घ्या, शेवटच्या कडव्यासकट. या वयात नियम कळतो, धक्का कळतो, आणि चर्चा करायचीच तर त्याच सुरू करतात. बालवाडीत मी शेवटचं कडवं घेत नाही. लहानांना भीती वाटते म्हणून नाही, बहुतेकांना वाटतही नाही. पण त्यांचा आनंद लाडू-चकल्यांत आहे आणि झोपलेली आई जाळली जाणं हा त्या खेळाचा भाग त्यांच्यासाठी नसतो. ‘अक्कण माती’ आणि ‘कारल्याचा वेल’ कोणत्याही वयाला चालतात. ‘यादवराया’ मोठ्या मुलींकडून म्हणून घ्या, पण तयार पुस्तिकेतला मंगळसूत्राचा शेवट देऊन मोकळ्या होऊ नका. दोन्ही शेवट सांगा आणि विचारा, राणीला काय दिलं असतं तर ती घरी आली असती? मुली फार भन्नाट कडवी जोडतात, काही तर तिला घरी आणतच नाहीत. परंपरेला यात काही बाधा येत नाही, कडवी जोडणं हीच परंपरा आहे. कारण नसताना ‘कोंडून मारितं’चं ‘कामाला लावितं’ असलं गुळचट रूप मात्र करू नका. ते गल्लीत रडणाऱ्या पोराला थैली देण्यासारखं होतं.

एक काळजी घ्या. काठीच्या, कोंडण्याच्या ओळीला एखादी मुलगी अचानक गप्प झाली, फेरातून सुटली, तर तिथेच, सगळ्यांसमोर काही विचारू नका. खिरापतीच्या गोंधळात किंवा दुसऱ्या दिवशी तिच्याशी एकटीशी बोला, आणि वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला.

गाणी निवडायला नुसत्या छापील पुस्तिकांवर अवलंबून राहू नका. सरोजिनी बाबर आणि लोकसाहित्य समितीने गोळा केलेलं धन ग्रंथालयांत मिळतं, साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवल्या त्याही मिळतात, ते जरूर पाहा. पण मुलींच्या आज्यांना एक दिवस शाळेत बोलवाच. सातारा-कोल्हापूरकडची आजी हादगा म्हणेल, जळगावची भुलाबाई म्हणेल, आणि एकाच गाण्याचे तीन शेवट एका वर्गात जमतील. त्यांना ‘गाणं सांगा’ म्हणालात तर त्या दोन कडवी सांगून ‘पुढचं काही आठवत नाही बाई’ म्हणतील. बसवू नका. पाट मांडा, हत्ती काढा, मुलींचे हात त्यांच्या हातात द्या आणि फेर सुरू करा. पाय चालायला लागले की कडवी येतात, वगळलेलीही येतात. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर फोन पाटावर ठेवा, कोणाच्या तोंडासमोर धरू नका. आणि म्हणताना मध्येच एखादी आजी हसून थांबली, तर ते कडवं नंतर तिला बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांत चांगले पाठ मला तिथेच मिळालेत.